तिथीची पाऊणपट

हर्णै बंदरावरच्या एका घरात दोन रात्री

"आज तिथी कुठली?"

बॅग ओटीवर टेकवायच्या आत काकींनी विचारलं. मला काही सांगता येईना. त्यांनी मान वळवून दारामागचं कॅलेंडर पाहिलं. "दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. साडेसातला भरती पुरी होईल. तुम्ही आता चहा घ्या आणि तडक बंदरावर जा. लिलाव सुरू झाला असेल. जेवायला नऊ वाजता."

सहा वाक्यांत माझी संध्याकाळ आखून झाली होती. घड्याळाचे आकडे त्यात होते, पण ते आले होते चंद्राकडून.

ही २०२५ च्या माघातली गोष्ट. हर्णै हे रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातलं जुनं मासळी बंदर. कोकण रेल्वेनं खेडला उतरायचं, एसटीनं दापोली गाठायची आणि तिथून पंधरा-सोळा किलोमीटरचा उताराचा रस्ता धरायचा. आंब्या-काजूच्या बागा संपतात, वाऱ्याला खारा वास येतो आणि एका वळणावर समोर सुवर्णदुर्ग उभा राहतो, चारी बाजूंनी पाण्यात. मी ज्या घरात उतरले ते बंदराच्या वरच्या अंगाला आहे. खालच्या पडवीत जाळ्यांचे ढीग, दोरखंडांची वेटोळी, थर्माकोलच्या पेट्या. बाहेरून जिना चढून गेलं की पाहुण्यांच्या चार खोल्या. घरात काकी, गुडघ्यांमुळे समुद्रावर जाणं थांबवलेले काका, बोट चालवणारा थोरला मुलगा, आणि खोल्या सांभाळणारे धाकटा मुलगा व सून. बोट एक, खोल्या चार, माणसं सगळी तीच.

मी तिथे गेले ती एक प्रश्न घेऊन. किनाऱ्यावरच्या गावांबद्दल गेली काही वर्षं एक वाक्य फार ऐकू येतं: मासे कमी झाले, आता पर्यटन हाच पर्याय. मला पाहायचं होतं की ज्या घरात हे दोन्ही धंदे एका छपराखाली चालतात, त्या घराला हा पर्याय कसा दिसतो.

पाऊणपटीचं गणित

तिथीचा हिशेब कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आलेला आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणनं गुणायचं. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. दिवसाची आणि रात्रीची भरती साधारण त्याच सुमाराला, आणि दोन भरतींच्या मधोमध ओहोटी.

या हिशेबामागचं कारण सरळ आहे. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो, आणि त्याच्यामागोमाग भरतीही तेवढीच मागे पडते. तीस तिथींत ही वेळ चोवीस तासांचा फेरा पुरा करते, म्हणजे एका तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊण तास हा त्याचा तोंडी करता येणारा हिशेब. थोडाफार फरक पडतो. बोट काढायला तो चालतो. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला उधाणाची भरती येते, अष्टमीच्या आसपास भांगाची. उधाणात पाणी खूप चढतं आणि तितकंच मागे जातं, भांगात त्याची हालचाल मंद असते. जाळं कधी टाकायचं, होडी कधी ढकलायची, खाडीच्या तोंडातून बोट कधी आत घ्यायची, हे सगळं यावर ठरतं.

काकींच्या घरात त्यावर आणखी काही गोष्टी ठरतात. पाहुण्यांना किनाऱ्यावर कधी पाठवायचं, मुलं पाण्यात असतील तर कधी बोलावून घ्यायची, बोट दुपारी येणार की रात्री, आणि त्यावरून रात्रीच्या जेवणाला ताजी मासळी मिळणार की बर्फातली. खोल्यांचं वेळापत्रक बोटीच्या वेळापत्रकातूनच निघतं.

पाच वाजता, वाळूवर

मी बंदरावर पोचले तेव्हा पाणी चढत होतं. हर्णैला मोठ्या बोटी थेट लागतील असा पुरेसा धक्का इतकी वर्षं नव्हता. बोटी खोल पाण्यात नांगर टाकून उभ्या राहतात आणि मासळी छोट्या होड्यांतून किंवा बैलगाडीतून किनाऱ्यावर येते. बैलगाडी समुद्रात जाते हे ऐकून माहीत होतं. पाहताना मात्र मी जागीच उभी राहिले. गाडीवान बैलांना लाटांत घालत होता. पाणी बैलांच्या पोटाला लागलं, चाकं निम्मी बुडाली, तरी बैल पाय रोवून उभे. होडीतून टोपल्या गाडीत आल्या, आणि बैल वळून, लाटेचा जोर पाठीवर घेत, वर आले. जाताना हीच गाडी बोटीसाठी बर्फ आणि डिझेल घेऊन जाते.

वाळूवर ठिकठिकाणी मासळीचे ढीग लागले होते. कोळंबी, बांगडा, मांदेली, ढोमा, माकूल; एका बाजूला सुरमई ओळीनं मांडलेल्या. प्रत्येक ढिगाभोवती माणसांचं कडं. पुकारा सुरू होतो, आकडा चढत जातो, एका जागी अडखळतो, आणि शेवटचा आकडा ज्याचा त्याची मासळी. एका ढिगाला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. कड्यांमध्ये बायकांची संख्या मोठी होती. समुद्रावर जायचं पुरुषांनी आणि मासळीचा पैसा करायचा बायकांनी, ही कोळी समाजातली जुनी वाटणी. मासळी काय भावानं उचलायची, किती विकायची, किती सुकवायची, कुणाला उधार द्यायचं, हा निर्णय बाईचा.

कड्यातून मला काकींचा आवाज ऐकू आला. मघाशी मला चहा देणाऱ्या, हळू बोलणाऱ्या बाई आता पुढच्या माणसाच्या खांद्यावरून हात उंचावून आकडा टाकत होत्या. एका ढिगावरून त्या मागे हटल्या, दुसऱ्यावर थांबल्या, मांदेलीची एक टोपली आणि थोडे बांगडे घेतले. "सुरमई?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. "आज भाव वर आहे. आणि ती कालची."

"तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी माझा हात धरून मला एका सुरमईजवळ नेलं. कल्ला उचलून दाखवला. आतला रंग तांबूस-तपकिरी झाला होता. मग आपल्या टोपलीतल्या बांगड्याचा कल्ला उचलला, तो लालभडक होता. बोटानं अंग दाबलं. दाबलेली जागा लगेच वर आली. डोळा फुगीर आणि स्वच्छ. "याला विचारायचं," त्या म्हणाल्या, "विकणाऱ्याला नाही."

जाळ्यांच्या खोलीत

मला मिळालेली खोली कोपऱ्यातली. खिडकीतून सुवर्णदुर्ग आणि त्याच्या आडोशाला नांगरलेल्या बोटींचे दिवे दिसत होते. छताच्या तुळईला लोखंडी आकडे तसेच होते. काकांनी सांगितलं, ही आधी जाळ्यांची खोली. पावसाळ्यात जाळी वर आणून या आकड्यांना टांगायची आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून शिवायची. खोल्या काढल्या तेव्हा जाळी खाली पडवीत गेली. "आकडे काढू नका म्हटलं मी मुलाला. काय सांगावं, परत लागतील."

रात्री नऊला ताटं मांडली. तळलेली मांदेली, बांगड्याचं लाल कालवण, तांदळाची भाकरी, भात, सोलकढी. मांदेली बोटाएवढी, काट्यासकट खायची, तोंडात घातली की कुरकुरते आणि मागे थोडी गोडसर चव ठेवते. कालवणात चिंचेचा आंबटपणा आणि घरच्या मसाल्याचा वास. मसाला उन्हाळ्यात एकदाच होतो, वर्षभराचा, आणि पाहुणे यायला लागल्यापासून तो पूर्वीच्या कितीतरी पट करावा लागतो, असं सुनेनं सांगितलं. मिरच्या वाळवणं, भाजणं, कुटून आणणं, बरण्या भरणं, हे काम एप्रिलमध्ये येतं, म्हणजे खोल्या सुट्टीच्या पाहुण्यांनी भरायला लागतात नेमके तेव्हाच.

जेवणं झाल्यावर मी मागच्या दारी गेले. काकी विळीवर बसून उद्याची मासळी करत होत्या. बांगड्याचं डोकं, पोट, पर, सगळं तीन-चार हालचालींत वेगळं होत होतं, आणि त्या माझ्याकडे बघून बोलत होत्या. पहाटे पाचला उठून पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी, मग न्याहारी, मग खोल्या, दुपारी सुकवलेली मासळी उलटवणं, संध्याकाळी लिलाव, रात्री जेवणं. मी मोजलं तर अठरा तास भरले. "पूर्वी एवढं नव्हतं का?" मी विचारलं. "पूर्वी टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव जायचे. आता गाव माझ्याकडं येतं," त्या म्हणाल्या. "चालणं वाचलं. काम तेवढंच."

घरगुती निवासाबद्दल बोलताना आपण खोलीचं भाडं, जेवणाची चव, समुद्राचं दर्शन मोजतो. हे अठरा तास कुठे मोजले जात नाहीत. लिलावातली पारख, मसाल्याचं गणित, पाहुण्यांची ऊठबस हे एकाच बाईचं कसब आहे, आणि पूर्वी ज्या कसबावर बोट चालायची त्यावरच आता खोल्याही चालतात.

या बंदराचे पाहुणे

हर्णैला पाहुणे नवे नाहीत. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला, आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, अशा चार किल्ल्यांच्या मध्ये हे बंदर आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव आधी सुवर्णदुर्गावर गाजलं असं परंपरा सांगते. एप्रिल १७५५ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली आणि कमोडोर विल्यम जेम्सनं 'प्रोटेक्टर' या ४४ तोफांच्या जहाजातून सुवर्णदुर्गावर मारा करून तो घेतला. आपल्याच आरमाराचा कणा मोडायला परक्यांची जहाजं बोलावली गेली, ती याच पाण्यात. पुढे १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांसमोर पुण्यात पराभव झाल्यावर दुसरा बाजीराव कोकणात उतरला, सुवर्णदुर्गाच्या आश्रयाला आला, आणि समुद्रमार्गे वसईला गेला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी तिथे तह झाला आणि मराठी राज्याचं स्वातंत्र्य गहाण पडलं. या बंदरावर आसरा घेणाऱ्यांत एक पेशवाही होता.

किल्ल्यांपैकी फत्तेगडावर आज कोळ्यांची वस्ती आहे आणि कनकदुर्गावर दीपगृह. तटबंदी ओस पडली, पण जागा ओस पडल्या नाहीत. समुद्रावर जगणाऱ्यांनी त्या वापरात ठेवल्या.

त्यानंतरचा काळ आगबोटींचा. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटी बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड अशी बंदरं घेत दक्षिणेकडे जायच्या. मुंबईच्या गिरण्यांत आणि कचेऱ्यांत कामाला गेलेला चाकरमानी याच वाटेनं गावी यायचा. आगबोट किनाऱ्याला लागत नसे. ती लांब उभी राहायची, पडावातून माणसं आणि ट्रंका उतरायच्या, आणि शेवटच्या उथळ पाण्यातून खलाशी बायका-मुलांना उचलून कोरड्या वाळूवर ठेवायचे. श्री. ना. पेंडसे याच तालुक्यातल्या मुर्डीचे; त्यांच्या कादंबऱ्यांतल्या माणसांचं मुंबईशी असलेलं नातं या पाण्यावरूनच जोडलेलं होतं. काकांच्या वडिलांचा पडाव होता. आगबोट चुकलेली किंवा उशिरा आलेली माणसं त्यांच्या ओटीवर रात्र काढायची. "तेव्हा पैसे घेत नव्हते," काका म्हणाले. "पेजेबरोबर सुकट भाजून द्यायचे."

मग घाटातले रस्ते सुधारले, एसटी गावोगाव पोचली, आगबोटी बंद पडल्या. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली आणि पुण्या-मुंबईचा माणूस सुट्टीसाठी कोकणात येऊ लागला. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानं निवास-न्याहारी योजना आणली: मालकानं स्वतः राहत्या घरातल्या मोजक्या खोल्या पाहुण्यांना द्यायच्या. जवळच मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं संरक्षण सुरू केलं, पुढे कासव महोत्सव सुरू झाला, आणि पिल्लं समुद्रात जाताना पाहायला आलेल्या माणसांना गावातल्या घरांनीच उतरवून घेतलं. ओटीवरच्या पाहुणचाराला दर लागला तो असा.

एक गोष्ट मात्र या सगळ्या काळात बदलली नाही. पावसाळ्यात आगबोटी बंद असत. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. आणि पावसाळ्यात या चार खोल्याही बहुतेक रिकाम्या असतात. पडाव, होडी, खोली, तिघांनाही एकाच दाराची कडी.

उजवं पान, डावं पान

दुसऱ्या दिवशी दुपारी, ओहोटीच्या निवांत वेळात, काकींनी मला वही दाखवली. लाल कापडी बांधणीची, दुकानात मिळते तशीच. डाव्या पानावर बोट: डिझेल, बर्फ, जाळ्याची दुरुस्ती, इंजिनाचं काम, खलाशांची उचल. उजव्या पानावर खोल्या: पाहुण्यांची नावं, दिवस, जमा. दोन्ही पानांना एकच तारीख.

महिने उलटत गेले तसं एक चित्र उभं राहिलं. दिवाळीत दोन्ही पानं भरलेली. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उजवं पान गच्च. फेब्रुवारी-मार्चला ते विरळ, परीक्षा असतात. एप्रिल-मे पुन्हा गच्च, आणि नेमकं तेव्हा डावं पान आक्रसतं, कारण मासळी दूर गेलेली असते आणि वारा फिरायला लागतो. मग १ जून येतो.

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ सालचा. त्यानुसार यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस समुद्रात जायला बंदी असते. हा अनेक माशांच्या प्रजननाचा काळ, आणि खवळलेल्या समुद्रात माणसांचे जीव जाऊ नयेत हेही कारण. कोळी समाजानं हा विसावा कायद्याच्या कितीतरी आधीपासून पाळला आहे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायचा आणि मगच बोट काढायची. कायद्याची तारीख आणि परंपरेची तिथी दर वर्षी जुळत नाहीत. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला पडली, आणि दोन्हींच्या मध्ये महिनाभराचं अंतर राहिलं. शिवाय हंगाम उघडतो तो बहुतेक श्रावणातच, जेव्हा निम्म्या महाराष्ट्राच्या ताटातून मासळी गेलेली असते आणि किनाऱ्यावरच्या जेवणासाठी येणारा पाहुणाही घरीच थांबतो.

जून-जुलैची उजवी पानं कोरी होती. डावी पानं मात्र कोरी नव्हती. बोट किनाऱ्यावर ओढून घेणं, रंगकाम, लाकूडकाम, जाळी नवी करणं, नव्या हंगामासाठी खलाशांना उचल देणं. आता खलाशांत नेपाळहून आलेली मुलंही असतात, आणि उचल मिळाल्याशिवाय कुणी हंगामाचा शब्द देत नाही. जमा शून्य असलेल्या महिन्यांत वर्षातला मोठा खर्च. तो कुठून येतो? काकींनी मे महिन्याच्या उजव्या पानावर बोट ठेवलं आणि तिथून ऑगस्टच्या डाव्या पानापर्यंत नेलं. "हे तिकडं जातं."

मी जो प्रश्न घेऊन गेले होते त्याचं उत्तर त्या बोटाच्या फेऱ्यात होतं. या घरात खोल्या बोटीला पर्याय म्हणून उभ्या नाहीत. मे महिन्यातले पाहुणे ऑगस्टमधली बोट पाण्यात लोटतात, आणि बोटीतून आलेल्या मासळीसाठी पाहुणे मे महिन्यात येतात. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे: जोडधंदा. एरवी आपण तो दुय्यम या अर्थानं वापरतो. इथे त्यातली जोड खरी आहे. एक सुटलं तर दुसरं पडतं.

ते किती खरं आहे हे २०२० नं दाखवलं. मार्चच्या शेवटी टाळेबंदी आली, लिलाव थांबले, उन्हाळ्याची सगळी आरक्षणं रद्द झाली. ऑगस्टची बोट ज्या पैशावर निघायची ते मे महिन्याचं पान कोरं राहिलं. आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आलं. दापोली-मंडणगडचा किनारा त्याच्या तडाख्यात सापडला. नारळ-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पत्रे आणि कौलं उडाली, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. या घराचा वरचा मजला उघडा पडला. पुढच्या वर्षी मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. काकींच्या वहीत जून २०२० चं एकच पान लिहिलेलं आहे. डावीकडे आणि उजवीकडे एकच नोंद: पत्रे.

हर्णै बंदर वादळात सुरक्षित नाही. वारा वाढला की बोटी आंजर्ल्याच्या खाडीत, जोग नदीच्या मुखात, आसऱ्याला नेतात. पण त्या मुखाशी गाळ साचलेला आहे, आणि आसऱ्याला जाणाऱ्या बोटी तिथेच रुतून फुटल्याचे प्रसंग घडले आहेत. खाडीचं तोंड मोकळं राहिलं तर बोट वाचते, आणि बोट वाचली तर वरच्या खोल्याही चालू राहतात. पर्यटनाचे आराखडे करणाऱ्यांनी गाळाकडे कोळ्यांचा प्रश्न म्हणून पाहू नये. तो पाहुण्यांच्या खोल्यांचाही प्रश्न आहे.

साडेतेरा सेंटिमीटरचा मासा

शनिवारी रात्री शेजारच्या खोल्यांत दोन कुटुंबं आली. लांबचा प्रवास करून, वर्षातून एकदा मिळालेल्या दोन दिवसांसाठी. त्यांनी पापलेट मागितलं. त्यात चूक काहीच नव्हतं. किनाऱ्यावर येऊन पापलेट खायचं हे स्वप्न शहरातल्या कुणाचंही असतं. धाकटा मुलगा लिलावात जाऊन आला आणि रिकाम्या हातानं परतला. मिळालं होतं ते फार लहान होतं.

पापलेट कमी होत चाललं आहे हे बंदरावर कुणालाही विचारा. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं चंदेरी पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केलं. त्याच्या घटत्या संख्येकडे लक्ष वेधणं हा त्यामागचा एक हेतू. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवण्यात आली. चंदेरी पापलेटसाठी १३५ मिलिमीटर, सुरमईसाठी ३७०. त्याहून लहान मासा पकडायचा नाही, कारण त्यानं अजून एकदाही अंडी घातलेली नसतात.

काकींनी मला हे आपल्या हातावर दाखवलं. तळहात पसरला, मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत मोजलं. "एवढा तरी पाहिजे. याच्या आतला म्हणजे पोर." मग थांबून म्हणाल्या, "जाळ्याला ते कळत नाही. जाळं टाकणाऱ्याला कळायला पाहिजे."

ही पोरं संपतात ती मुख्यतः मोठ्या साधनांनी. पर्ससीन जाळं माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालून तळ आवळतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारनं पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ आणि ठरावीक क्षेत्र नेमून दिलं. रात्री प्रखर एलईडी दिवे पाण्यात सोडून मासे गोळा करण्यावर केंद्र सरकारनं २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढले. नियम आहेत. पण रात्री वरच्या खिडकीतून क्षितिजावर पांढरा उजेड दिसला की काका खुर्ची उचलून आत जातात. हर्णैच्या मच्छीमारांनी या दिव्यांविरुद्ध वेळोवेळी आवाज उठवला आहे, आणि तो उठवण्याचा त्यांचा हक्क पूर्ण आहे.

आपण, पाहुणे, या साखळीत बसलेले आहोत. खिडकीतून आपल्याला समुद्र दिसतो, पण ताटात काय मागतो यावर त्या समुद्राचं काय होणार हे थोडं तरी ठरतं. चारच माशांची नावं माहीत असलेला पाहुणा यजमानाला त्या चार माशांच्या मागे पळवतो. मग कुठल्या तरी दुसऱ्या बंदरातून बर्फात आलेला मासा हर्णैच्या ताटात येतो, महाग आणि शिळा. त्याच दिवशी वाळूवर मांदेली, ढोमा, माकूल, बांगडा ताजे पडलेले असतात. त्या रात्री काकींनी दोन्ही कुटुंबांना भरलेली माकूल आणि मांदेली वाढली. पापलेट मागणाऱ्या आजोबांनी मांदेली तीनदा मागून घेतली.

"आज काय मिळालं?" असं विचारणारा पाहुणा, एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला गेलेली असताना बादलीभर पाण्यात आंघोळ करणारा पाहुणा, वाळूवर गाडी न घालणारा पाहुणा, श्रावणातही एखाद्या शनिवारी येऊन डाळ-भात खाऊन जाणारा पाहुणा. घराला हे चार आधार मोठे वाटतात. माझ्या मुक्कामानंतर काही महिन्यांनी, जुलै २०२५ मध्ये, सुवर्णदुर्गासह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. येणाऱ्यांची संख्या आता वाढेल. तटाकडे पाहणाऱ्यांनी तटाखालच्या बोटींकडेही पाहावं, एवढीच इच्छा आहे.

द्वादशी

रविवारी सकाळी निघायचं होतं. द्वादशी, बाराची पाऊणपट नऊ. पाणी चढत होतं. थोरला मुलगा पहाटे परतला होता आणि त्याच भरतीत पुन्हा निघणार होता. पडवीत त्याची घाई चालली होती. खाली रस्त्यावर बैलगाडी येऊन थांबली, तिच्यात बर्फाच्या लाद्या चढवायच्या होत्या.

मी दोन रात्रींचे पैसे काकींच्या हातात दिले. त्यांनी ते मोजले, वही उघडली, उजव्या पानावर माझं नाव लिहिलं, पुढे रक्कम लिहिली. पेन तसंच हातात ठेवून त्यांनी खाली हाक मारली, "किती लाद्या?" खालून उत्तर आलं. त्यांनी डाव्या पानावर 'बर्फ' लिहिलं, माझ्याच नोटांतल्या काही वेगळ्या काढल्या आणि सुनेच्या हाती खाली पाठवल्या.

एसटीच्या थांब्यावर पोचेपर्यंत ती बैलगाडी पाण्यात शिरली होती. बैलांच्या पोटाला लाट लागत होती, आणि गोणपाटाखालचा बर्फ बोटीकडे चालला होता.